मोहाचा वास आणि सागवानी अडसर

मी, कुंदाबाई पुना सोनवणे, वय बहात्तर (शाळेच्या दाखल्यावर वेगळे आहे, ते मास्तरांनी अंदाजाने टाकले होते), धर्म ख्रिस्ती, धंदा पूर्वी शिवणकाम, आता डोळे साथ देत नाहीत म्हणून बंद, राहणार चोपडा, जिल्हा जळगाव, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. कान जरा मंदावले आहेत, पण आमच्या चर्चच्या मंडळीतले बोलणे हल्ली ऐकण्यासारखे नसते, त्यामुळे त्याचे मला दुःख नाही. कोणी मला फूस लावलेली नाही, कोणी धाक घातलेला नाही. धाक घालायला दोघे जण आले होते, त्यांचे पुढे येईलच.

वकीलसाहेबांनी छापील मसुदा आणून दिला होता. "मनुष्यदेह नश्वर असल्याने" अशी त्याची सुरुवात होती. बहात्तराव्या वर्षी गुडघे धरून जिना उतरणाऱ्या बाईला हे कोणी छापून सांगायला नको, म्हणून तो मी परत केला. त्यांचे एवढेच ऐकले. ते म्हणाले, "अक्का, नात्यातल्या माणसाला बाजूला ठेवून परक्याला घर द्यायचं तर कारण नीट लिहा. नाहीतर तुमच्यामागे कोर्टात टिकणार नाही." तेव्हा कारण लिहिते. ते लांबले तर वाचणाऱ्याने बसून वाचावे.

कलम १. माझे घर

चोपडा येथील दोन खोल्या, मागची पडवी व अंगण, असे घर माझे पती पुना सोनवणे, ज्यांना सगळे गाव पुना मिस्तरी म्हणत असे, यांनी स्वकष्टाने बांधले. ते त्यांच्यामागे नगरपालिकेच्या दप्तरी माझ्या नावे झाले आहे. चतुःसीमा अशी: उत्तरेस चर्चचे आवार, पूर्वेस गल्ली व गल्लीपलीकडे भागाबाईची चहाची टपरी, दक्षिणेस व पश्चिमेस दुसऱ्यांच्या भिंती, ज्यांचे पावसाळी पाणी आजवर माझ्याच अंगणात उतरत आले आहे.

हे घर मी माझ्यामागे मोगराबाई व तिचा नवरा खाज्या पावरा या दोघांना, मालकी हक्काने, कायमचे देत आहे. ती दोघे गेली पाच वर्षे माझ्या पडवीत राहतात. मूळ गाव सत्रासेनच्या पलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याला. ती माझ्या नात्यातली नाहीत, जातीतली नाहीत, आणि मंडळीच्या यादीत त्यांचे नाव नाही. हे तिन्ही मला कोणी येऊन समजावून सांगू नये, मला ठाऊक आहे.

मला मूलबाळ नाही. कायद्याने ज्याला घर आपले वाटते तो माझ्या दिराचा मुलगा छगन. तो वरणगावच्या कारखान्यात नोकरीला आहे. त्याने माझ्या पुढच्या खोलीची मापे घेऊन ठेवली आहेत. मी बाजेवर पडलेली असताना टेप लावून घेतली, मला जरा पाय वर घ्यायला सांगून. दुसरी आमची मंडळी. तिला हे घर पाळकसाहेबांच्या निवासासाठी हवे आहे, मधली भिंत पाडली की चर्चला लागूनच होते. दोघांचे एका गोष्टीवर एकमत आहे, ते म्हणजे मी डोळे मिटले की पडवीतल्या माणसांना दुसऱ्या दिवशी बाहेर काढायचे. छगन म्हणतो, "काकू, त्यांना घर दिलं तर ते तिथे दारू गाळतील." म्हणून आता ही दोघे पहिल्यांदा माझ्या दारी आली त्या दिवसाचे लिहावे लागत आहे. मला त्याचा वैताग आहे, पण लिहिते.

कलम २. उत्तम शुक्रवारची हकीकत (वकीलसाहेबांच्या सांगण्यावरून)

सन १९८७ चा उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे. एप्रिलचा मध्य, म्हणजे चोपड्यात काय ऊन असते ते सांगायला नको. आमच्या मंडळीत त्या दिवशी माठ उपडा घालतात. प्रभूला क्रुसावर तहान लागली, म्हणून दुपारी तीनपर्यंत कोणी पाण्याचा थेंब घेत नाही. ही चाल माझ्या सासऱ्यांच्या वेळेपासूनची. बारा ते तीन उपासना, प्रभूच्या सात उद्गारांवर सात प्रवचने, मधूनमधून गीते. मी पुढे बसून बाजाची पेटी वाजवत होते. पेटीवाल्याची पाठ सगळ्या मंडळीकडे असते.

मिस्तरी त्या दिवशी यायचे होते, आले नव्हते. डोंगराकडच्या एका गावी दाराची चौकट बसवायला गेले होते. सकाळी परत येतो म्हणाले होते. मला वाटले, एस. टी. चुकली असेल. ती चुकली होतीच. मग हा माणूस रागारागाने पायी निघाला आणि लासूरच्या अलीकडे एका मोहाच्या झाडाखाली पडला. अर्धांगाचा झटका. उजवी बाजू गेली, तोंड वाकडे झाले, बोलणे गेले.

त्या झाडाखाली खाज्या आणि मोगरा पहाटेपासून मोहाची फुले वेचत होती. चैत्रात ती फुले गळतात, डोंगरातली माणसे ती वेचून वाळवतात, भाकरीत घालतात, उकडून खातात, पोटापुरती ठेवून बाकीची बाजारात विकतात. फुलांचा वास असा उग्र की एक सकाळ वेचली की कपड्यांना, केसांना, कातडीला बसतो. आमच्या शहाण्या लोकांना मोह म्हणजे फक्त बाटली माहीत.

त्या दोघांनी बैलगाडीतली पोती खाली टाकली. त्यातल्या एका पोत्यातली फुले गाडीत पसरली, त्यावर मिस्तरींना निजवले आणि खाज्याने आपले पागोटे सोडून उन्हासाठी त्यांच्या तोंडावर टाकले. रस्त्यात होते नव्हते ते पाणी त्यांनाच पाजले. मिस्तरी डाव्या हाताने वाट दाखवत गेले, ती गाडी आमच्या दाराशी येऊन थांबली. दाराला कुलूप. शेजारी चर्चमधून गाण्याचा आवाज येत होता. मोगरा गाडीशी थांबली आणि खाज्या आत शिरला.

आता चर्चच्या दाराशी कोण होते ते लिहिते. मंडळीचे चिटणीस श्री. लीलाधर वसंत गायकवाड, सफारी सूट, खिशाला दोन पेनं. आणि सुट्टीला आलेला आमचा छगन. खाज्या अनवाणी होता. दुपारच्या फरशीने पाय पोळत होते म्हणून तो एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होता. यांना वाटले झुलतो आहे. डोळे धुळीने लाल, कपड्यांना मोहाचा वास. आणि तोंडाने मागितले काय, तर पाणी.

"पानी द्या, भाऊ. मानूस बाहेर पडेल शे." बाहेर माणूस पडला आहे, एवढेच तो सांगत होता.

उत्तम शुक्रवारी, उपडा माठ समोर असताना, चर्चमध्ये उभे राहून पाणी मागतो म्हणजे दारुडा आपली टिंगल करायला आला, असा त्या दोघांचा समज झाला. असा समज करून घेणे दुसऱ्या कोणाला जमले नसते, ते आमच्याच लोकांना जमले. छगनने बाहेर वाकून पाहिले. गाडीत कोणी आडवे, तोंडावर फडके, धुळीने भरलेले अनवाणी पाय बाहेर आलेले. म्हणाला, "दारू पिसन येल शे. आनखी एक गाडीमा पडेल शे." ते पाय त्याच्या सख्ख्या काकाचे होते. याच काकाच्या खांद्यावर बसून तो यात्रा बघायचा, आणि याच काकाने चार ठिकाणी शब्द टाकून त्याला नोकरीला लावले.

दोघांनी खाज्याला दंडाला धरून बाहेर काढले आणि दाराला अडसर लावला.

आणि त्या वेळी पुढे प्रवचन कोणत्या उद्गारावर चालले होते म्हणाल, तर पाचव्या. "मला तहान लागली आहे." हे मी रचून लिहीत नाही. रचायचे असते तर जरा कमी जुळणारे रचले असते. मला मागून कोणीतरी पाणी मागितल्याचे ऐकू आले. पाठोपाठ गलका झाला. पाळकसाहेबांनी मला खूण केली, गीत उचला, म्हणजे मागचा आवाज झाकला जाईल. मी उचलले. बाहेर माझा नवरा पाण्यासाठी तोंड उघडत होता आणि आत मला पेटीचा भाता ओढायला लावला होता, याचा मला जो संताप आहे तो या कागदात मावणार नाही.

पाणी शेवटी भागाबाईने दिले. तिने टपरीतून धावत येऊन त्यांच्या ओठांना लावले, डोक्यावर ओतले, आणि डॉक्टर मोतीलाल ओसवाल यांना जेवणावरून उठवून आणले. उपासना यथासांग तीन वाजता संपली. आम्ही सगळे शांततेचा आशीर्वाद घेऊन बाहेर आलो.

कलम ३. त्यानंतर

डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा उशीर झाला असता तर माणूस हाती लागला नसता. मिस्तरी जगले ते पुढे चार वर्षे. त्यांना उचलायला, वळवायला, न्हाऊ घालायला माणूस लागे. मंडळीतून भेटीला पुष्कळ लोक आले आणि प्रत्येकाने केळी आणली. केळीच्या गावात आजाऱ्याला केळी! मी शेवटी गल्लीतल्या गाईला घालू लागले.

आठवड्याने खाज्या आणि मोगरा मिस्तरींची हत्यारांची पिशवी आणि चपला घेऊन आली. झाडाखाली राहिल्या होत्या म्हणे. त्यांची स्वतःची पोती तेवढ्या वेळात कोणीतरी उचलून नेली होती, ते त्यांनी सांगितलेसुद्धा नाही, मला पुढे भागाबाईकडून कळले. खाज्याने आल्याबरोबर न विचारता मिस्तरींना काखेत धरून उठवून बसवले, उशी पाठीमागे सारली आणि मग स्वतः खाली बसला. मिस्तरींनी डाव्या हाताने त्याचा हात जो धरला तो सोडेनात. मी म्हटले, राहता का? राहिली.

मोगरा रविवारी चर्चमध्ये येते. खाज्या आला नाही, आणि त्याने का यावे ते मला कोणी सांगितलेले नाही. मोगरा मागे चपलांजवळ बसते. कपाळावर, हनुवटीवर गोंदण, हातात चांदीची जाड कडी, लुगडे गुडघ्यापर्यंत. बायका तिच्याकडे बघतात आणि सरकून बसतात. चैत्र आला की नाकाला पदर लावतात. "अहो अक्का, तिला आंघोळीचं सांगा ना," असे मला एका भगिनीने सांगितले. मोगरा पहाटे विहिरीवर आंघोळ करते तेव्हा ही भगिनी घोरत असते. गोंदण बघितले, कडी बघितली, वास घेतला. माणूस बघायचे तेवढे राहिले. प्रभूने कुष्ठरोग्याला हात लावला, तो वचनभाग सगळ्यांना पाठ आहे, नंबरासकट.

कलम ४. हत्यारे

मिस्तरींचे रंधे, करवती, पटाशा, गिरमिट व काटकोन, असे सर्व खाज्याला. ते त्याचेच आहे. मिस्तरींना बोलता येत नव्हते, तरी बाजेवरून हुं आणि उंहूं एवढ्यावर त्यांनी त्याला सुतारकाम शिकवले. उंहूं जास्त. खाज्याची चौकट अजून जरा डावीकडे झुकते. लोक नावे ठेवतात, त्यांनी दुसरीकडून करून घ्यावी.

कलम ५. छगनला

माझ्या पतीच्या चपला, ज्या त्या दिवशी झाडाखाली राहिल्या, त्या चि. छगनला. बाकी काही नाही. छगन, हे मी टोचायला देत आहे असे तुला वाटेल, आणि लिहायला बसले तेव्हा तसेच मनात होते. पण चपला काढून पाहिल्या, तर तुझ्या पायाला बरोबर येतील. अंगठ्याशेजारचे बोट लांब, तुमच्या घराण्याचाच पाय आहे. घालून बघ. मग वाटले तर कोर्टात जा.

कलम ६. बाजाची पेटी

मंडळीला. भाता मी नवीन बसवून घेतला आहे. अट एकच. वाजवणाऱ्याने पेटी आडवी ठेवून, दार दिसेल असे बसावे.

कलम ७. माठ

माझा मोठा माठ दर उत्तम शुक्रवारी चर्चच्या दाराबाहेर भरून ठेवावा. आतला उपडा घाला, तुमची चाल मोडत नाही. बाहेरचा भरलेला असावा. मोगरा भरील. ती नसेल तर चिटणीसांनी भरावा, त्यांना जमत नसेल तर शिकावे.

कलम ८. श्री. लीलाधर गायकवाड यांच्याविषयी

हे कलम मी दोनदा लिहिले. पहिल्या वेळी जे लिहिले होते ते वकीलसाहेबांनी वाचून घडी करून खिशात घातले, म्हणाले यावर अब्रूनुकसानीचा दावा होईल. दुसऱ्यांदा लिहिते ते असे.

गेल्या महिन्यात, भर दुपारी, लीलाधर आणि छगन घराचे बोलायला आले. मी मोगराला आधीच बजावून ठेवले होते, या दोघांना पाणीसुद्धा द्यायचे नाही. ज्यांनी पाणी दिले नाही त्यांना कळू दे. दोघे बसले. छगन बोलू लागला. मी दार बघत होते, कधी उठतात म्हणून. तेवढ्यात मोगरा पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि सरळ लीलाधरपुढे धरला. आधी त्याच्यापुढे! ज्याने तिच्या नवऱ्याला दंडाला धरून काढले त्याच्यापुढे!

लीलाधरने तांब्या घेतला आणि तो हातात तसाच धरून राहिला. मग प्यायला, थांबून थांबून. नंतर घराबद्दल एक अक्षर बोलला नाही. छगन त्याला कोपराने ढोसत होता, तरी नाही. उठताना मोगराकडे बघून म्हणाला, "बाई, त्या दिवशी..." आणि तांब्या तिच्या हातात परत दिला. तसाच गेला.

ते गेल्यावर मी मोगराला फाडून बोलले. तिने तांब्या पालथा घातला आणि म्हणाली, "त्याले बी तहान लागेल व्हती, अक्का. तोंड सुकी गयं व्हतं त्यानं. तुमले दिसनं नही का?"

नाही दिसले. मला सफारी दिसला, पेनं दिसली. ती बोलल्यावर मी आठवून पाहिले. सफारीला तीन बटणे तीन तऱ्हेची होती आणि एक जागा सेफ्टी पिनेने धरली होती. त्याची बायको जाऊन किती दिवस झाले, आणि मी, जिने जन्मभर लोकांच्या कपड्यांना बटणे लावली, दर रविवारी समोर बघते आहे. मोगरावर मी चिडले होते ती दुपारभर चिडलेलीच राहिले, पण आता माझ्यावर.

म्हणून माझा बटणांचा डबा, सुया व दोरे, श्री. लीलाधर यांना द्यावे असे मी लिहिले. त्यावर वकीलसाहेब पुन्हा आडवे आले. कारण मधल्या काळात लीलाधर स्वतः येऊन म्हणाला होता, "अक्का, साक्षीला मी सही करतो. मंडळीचा चिटणीसच साक्षीदार असला तर छगनला कोर्टात तोंड उघडायला जागा राहायची नाही. मोगराबाईचं घर पक्कं होईल." आणि कायदा असा की साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही. चांगले करायला निघाले तरी या देशात फॉर्म आडवा येतोच! तेव्हा बटणांचा डबा मी या मृत्युपत्रातून देत नाही, जिवंतपणी देऊन टाकला आहे. सफारीची बटणे मात्र मी लावून दिलेली नाहीत. दोऱ्याला गाठ कशी मारायची तेवढे दाखवले.

लीलाधर सही करीन म्हणतो. मंडळीची माणसे त्याला फाडून खातील हे त्याला कळते आहे का, मला शंका आहे. सही होईपर्यंत मी काही धरून चालत नाही.

कलम ९. माझी मूठमाती

शवपेटी खाज्याने करावी. डावीकडे झुकली तरी चालेल. आत गादी नको. मोगराने कोठीत वाळवलेला मोह ठेवलेला असतो, तो पसरून त्यावर मला ठेवावे, जसे मिस्तरींना ठेवले होते. चर्चमध्ये वास येईल. ज्यांना सहन होणार नाही त्यांनी बाहेर उन्हात उभे राहावे, दाराबाहेर माठ आहे.

आणि शेवटची गोष्ट. चर्चच्या दाराचा सागवानी अडसर माझ्या पतीने केलेला आहे. मजुरी घेतली नव्हती. उपासनेत शेळ्या शिरायच्या म्हणून त्यांनी तो शेळ्यांसाठी केला होता. त्यांच्याच हातचा अडसर त्यांच्यावर लावला गेला, ते बोलता येत नसताना बाजेवरून त्या दाराकडे बघत राहायचे. तो अडसर मला परत हवा आहे. देण्याघेण्याचे काही मी मंडळीला आजवर मागितले नाही, हे एकच. खाज्याने तो मधोमध कापून माझ्या पेटीवरचा क्रूस करावा. मंडळी ठराव करील, उपसमिती नेमील, पुढच्या बैठकीवर टाकील, आणि तोवर मी सातपुड्यापलीकडे पोहोचलेली असेन, हे मला दिसते आहे. तरी लिहून ठेवते.

याप्रमाणे अंमल करण्याचे काम मी डॉ. मोतीलाल ओसवाल यांच्यावर सोपवते. यापूर्वी मी काही लिहिले असल्यास ते रद्द. वर लिहिलेले मी स्वतः वाचून पाहिले, मोगराला मोठ्याने वाचून दाखवले. ती म्हणाली, "बठ्ठं लिखं, पन त्या भाऊना पानीनं कशाले लिखं?" तरी लीलाधरला पाणी दिल्याचे मी खोडलेले नाही.

ठिकाण: चोपडा
तारीख: १८ जून १९९२

सही: कुंदाबाई पुना सोनवणे

साक्षीदार:

१. डॉ. मोतीलाल ओसवाल, चोपडा. कुंदाबाईंची प्रकृती तपासली. बुद्धी पूर्ण शाबूत आहे. रक्तदाब वाढलेला आहे, तो कलम २ लिहिताना वाढला असावा.

२. लीलाधर वसंत गायकवाड, चिटणीस. कुंदाबाईंनी माझ्यासमोर सही केली. कलम २ व ८ मी वाचले, खरे आहेत. कलम ९ मला कालच कळले होते. ठरावासाठी थांबलो नाही. अडसर आज सकाळी काढून खाज्याभाऊंच्या हातात दिला आहे. चर्चचे दार आता नुसते लोटलेले आहे.